बसायचा सराव

आमच्या ह्यांना बसता येत नाही. पायाला किंवा पाठीला काही झालंय असं समजू नका, तब्येत ठणठणीत आहे. पण माणूस कधी बसत म्हणून नाही. उभं आयुष्य केस कापायच्या दुकानात गेलं, तेही दिवसभर गिऱ्हाइकाच्या मागे उभं राहून, आणि ती सवय हाडात मुरली. जेवण उभ्याने, पेपर उभ्याने, पाहुणे आले की दाराच्या चौकटीला टेकून गप्पा. माझा हात मागायला घरी आले होते तेव्हाही सगळा वेळ उभेच होते. माझ्या वडिलांना वाटलं, मुलगा फार विनयी आहे. तो विनय नव्हता, हे कळायला मला पहिला आठवडा पुरला.

माझं अगदी उलटं. मी शिवणकाम करते, घरातल्याच पुढच्या खोलीत. एकदा मशीनवर बसले की खाली आग लावली तरी उठायची नाही. एक धागा उभा आणि एक आडवा, असं लोक आम्हाला हसतात. हसू देत. कापड त्यानेच होतं.

आमची एकुलती एक लेक ठकी. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण ते फक्त तिच्या ऑफिसात वापरतात. ती लग्न करून गेली ती थेट बारा हजार किलोमीटरवर. हा आकडा जावयांनी सांगितला. मी मीटरमध्ये विचार करणारी बाई, मला त्यातलं काही कळलं नाही. एवढंच कळलं, की वाटलं म्हणून डबा घेऊन जाता येईल असं ते अंतर नाही. लग्न इथेच केलं, नंतर दोनदा येऊन गेली. मग नातू झाला आणि येणं थांबलं. तान्ह्या पोराला घेऊन कुठे एवढा प्रवास करायचा? ती म्हणायची, तुम्ही या. हे म्हणायचे, बघू. ह्यांचं ‘बघू’ म्हणजे काय ते मला पाठ आहे.

नातवाला मी बटण म्हणते. नाक अगदी शर्टाच्या बटणाएवढं आहे म्हणून. तर हा बटण दोन वर्षांचा होऊन गेला, पण त्याच्या डोक्याला अजून कात्री लागलेली नव्हती. ठकीचा हट्ट. तिचे स्वतःचे केस लहानपणापासून बाबांनी कापलेले, दुसऱ्या कुणाला कधी हात लावू दिला नाही. तेव्हा बटणाचे पहिले केसही बाबाच कापणार, हे तिने तो पोटात असतानाच जाहीर केलं होतं. पोर वाढत होतं, केस त्याहून जोरात वाढत होते. फोनवर दिसायचा तेव्हा आधी केस दिसायचे आणि त्यातून शोधून काढावा लागायचा.

मग एका रविवारी ठकीचा फोन आला. बटणाच्या डोक्यावर रबर लावून कारंजं केलं होतं.

“बाबा,” ती म्हणाली, “दोनदा नेलं ह्याला इथल्या दुकानात. खुर्ची बघितली की असा किंचाळतो, की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. आता पुढच्या महिन्यात ह्याची शाळा सुरू होतेय. त्याच्या आत तुम्ही आलात तर ठीक. नाही आलात तर मी हा झोपल्यावर कापून टाकीन. वाकडेतिकडे.”

बाकी कशाने हलले नसते ते शेवटच्या शब्दाने हलले. ह्यांच्या घरातलं पोर वाकड्या केसांनी शाळेत जाणार! फोन माझ्या हातात होता, हे मागे उभे होते. घसा खाकरून त्यांनी विचारलं, “विमानात उभं राहता येतं का?”

“थोडा वेळ येतं, बाबा.”

“थोडा म्हणजे?”

“तुम्ही या हो!” ठकी म्हणाली, आणि तिचा आवाज जरा फाटला. मला आईला तेवढं कळतं. ती केसांसाठी बोलवत नव्हती.

जावयांनी तिकिटं काढून फोनवर पाठवली. मी चष्मा लावून वाचली. सकाळी दहाला सुटतं, त्याच दिवशी दुपारी चारला पोचतं. दहा ते चार, सहा तास! मला हसूच आलं. बारा हजार किलोमीटरचा एवढा बाऊ करून ठेवला होता आणि निघाले किती, तर सहा तास. बेकरीवालीला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं, ब्लाउज अल्टर करायला आलेल्या प्रत्येक बाईला सांगितलं. आता तुम्ही म्हणाल, तिकडे रात्र असते तेव्हा इकडे दिवस असतो, हे तुला ठाऊक नव्हतं का? होतं की. रोज फोन करत होते. पण तिकिटावरची वेळ आपल्या घड्याळाची असणार, हे मी धरूनच चालले. एका कापडाला दोन टेप लावतात का कधी?

परतीचं तिकीट मात्र विचित्र होतं. रात्री दहाला निघून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला पोचत होतं. म्हणजे एकवीस तास. मी खूप डोकं चालवलं आणि ठरवलं, की जाताना उतार असेल, येताना चढ. पण हे ह्यांना सांगायची मला काय गरज? “येताना पण साधारण तेवढंच,” असं म्हणून मी मोकळी झाले. एकदा पोराला बघितलं की यायचं बघता येईल. नाहीतर नाही येणार, राहू तिथेच.

प्रश्न उरला सहा तासांचा. मी म्हटलं, “सराव करायचा.”

“बसायचा सराव? लोक काय म्हणतील?”

“लोकांना काय म्हणायचंय ते म्हणू देत. त्यांना नातू बघायला जायचं नाहीये.”

पुढच्या खोलीत मी विमान मांडलं. हात असलेल्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी. समोर कापडाचे गठ्ठे रचले, गुडघ्यांना टेकतील इतके जवळ, कारण बेकरीवालीची भाची विमानाने जाऊन आली होती आणि जागा एवढीच असते असं सांगत होती. मांडीवर इस्त्रीची लहान फळी, तेच जेवायचं टेबल. कमरेला माझा जुना पट्टा. नियम एकच. बाथरूमखेरीज उठायचं नाही.

पहिल्या दिवशी विमान वीस मिनिटं उडालं. आधी बोटं चाळवायला लागली, हवेतच कात्री चालवल्यासारखी. मग पाय. मग म्हणाले, खुर्ची बरोबर नाही, हिचा एक पाय आखूड आहे.

“बसता येईना आणि खुर्ची वाकडी,” मी म्हटलं.

ते पट्टा सोडून उठले आणि दारात जाऊन उभे राहिले. पाठमोरे. मला राग आला होता, पण त्या पाठीकडे बघून वाईटही वाटलं. माणूस आळशी असता तर मी सोलून काढला असता. हा तर जास्त कामाने बिघडला होता.

दुसऱ्या दिवशी तास झाला. मग दीड. बेकरीवाली हवाई सुंदरी होऊन यायला लागली. बिस्किटांचा ट्रे घेऊन आमच्या समोर उभी राहायची आणि हसून विचारायची, “साहेब, चहा की कॉफी?” ह्यांना ती फार आवडली नाही, पण बिस्किटं आवडली. मी शेजारच्या खुर्चीत बसून हातशिलाई करायचे. एवढा वेळ शेजारी बसायची सवय आम्हाला नव्हतीच, त्यामुळे सुरुवातीला बोलायचं काय हाच प्रश्न. मग हळूहळू विषय निघायला लागले. दुकान भाड्याने घेतलं तेव्हा आरसा आणायला पैसे नव्हते म्हणून मी माझ्या कपाटाचा आरसा काढून दिला होता, ते ह्यांना आठवत होतं. मला वाटलं होतं विसरले असतील. एवढ्या वर्षांत कधी बोलले नव्हते. उभा माणूस असलं काही बोलत नाही, त्याला बसवावं लागतं.

महिना संपत आला तेव्हा एका सुटीच्या दिवशी आम्ही सकाळी दहाला बसलो आणि दुपारी चारला उतरलो. पूर्ण सहा तास. बेकरीवालीने टाळ्या वाजवल्या. ह्यांनी उठून असा काही आळस दिला, की मला बरगड्यांची काळजी वाटली. मी मनात म्हटलं, जिंकलो.

एक गोष्ट तेवढी खटकत होती. त्या महिन्यात हे दुपारचे जेवायला घरी येईनासे झाले. काय तर म्हणे दुकानात रंगकाम काढलंय. सुटीच्या दिवशीही माझ्याबरोबरचा सराव नसला की सकाळी जात ते दिवेलागणीला येत. पण अंगाला रंगाचा वास नाही, नखात डाग नाही. एकदा टपालवाला म्हणाला, “वहिनी, साहेबांची तब्येत बरी आहे ना? दुपारी दार बंद होतं, काचेतून बघितलं तर डोळे मिटून खुर्चीत बसले होते.” मी म्हटलं, दुसरं कुणी असेल. आमचे हे आणि खुर्चीत? पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. चक्कर येत असेल, मला सांगत नसतील. विचारलं तर म्हणाले, “टपालवाल्याला चष्मा लागलाय.” मी सोडून दिलं. निघायच्या तोंडावर डॉक्टरच्या पायऱ्या चढल्या असत्या तर ह्यांना न जायला निमित्तच मिळालं असतं.

निघायच्या आदल्या दिवशी ह्यांनी आपली सगळ्यात जुनी कात्री मऊ फलालीनच्या कापडात गुंडाळली आणि शर्टाच्या खिशात ठेवायला निघाले. विमानात नेऊ देत नाहीत हे पटवताना माझा जीव गेला. शेवटी मोठ्या बॅगेत, माझ्या साड्यांच्या मधोमध तिला जागा दिली. चांगली खिडकीजवळची.

विमान वेळेवर सुटलं. मला खिडकी, ह्यांना मधली जागा. पट्टा लावून, हात गुडघ्यांवर ठेवून ते असे बसले, की बेकरीवालीने बघितलं असतं तर डोळ्यांना पदर लावला असता. समोरच्या छोट्या पडद्यावर विमानाचं चित्र आणि काही आकडे येत होते, पण ते माझ्या चष्म्याच्या पलीकडचे होते. जेवण आलं, जेवलो. मी झोपले, उठले, परत झोपले. एकच गोष्ट चमत्कारिक वाटत होती. ऊन जिथे होतं तिथेच होतं, खिडकीतून हलायला तयार नव्हतं.

माझ्या घड्याळात चार वाजायला आले तसे मी बूट घातले, केस विंचरले, तोंड पुसलं आणि पर्स मांडीवर घेऊन तयार झाले. आजूबाजूला बघते तर अर्धं विमान झोपलेलं. काय बेफिकीर लोक! हेही डोळे मिटून होते. मी कोपराने ढोसलं.

“अहो, उठा. आलं.”

“काय आलं?”

“काय आलं काय? ठकीचं गाव! चार वाजले.”

ह्यांनी एक डोळा उघडला. “तुझ्या घड्याळात वाजले. तिथे आत्ता सकाळचे आठ. ठकी बटणाला दूध पाजत असेल.” मग दुसरा डोळा उघडून अगदी हळू म्हणाले, “अजून आठ तास आहेत. चौदा तासांचा प्रवास आहे हा. बूट काढून ठेव, पाय सुजतील.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. पण धरणी दहा किलोमीटर खाली होती. हवाई सुंदरीला बोलावून खात्री करून घेतली, तर ती खरोखरची हवाई सुंदरीही आठ म्हणाली. माझी लाज राहिली बाजूला, पहिला विचार आला तो ह्यांचा. सहा तासांची तयारी केलेला माणूस, आता हा काय करणार? उठून विमानभर येरझाऱ्या घालणार? आणि मग माझ्या लक्षात आलं, की ते काहीच करत नव्हते. शांत बसले होते.

“तुम्हाला कधीपासून माहीत?”

“तिकीट आलं त्याच आठवड्यापासून. विमानतळावर सामान चढवणारा एक जण येतो ना दाढीला, त्याला म्हटलं, सहा तासांत पोचतो आम्ही. तो असा हसला, की मला वस्तरा बाजूला ठेवावा लागला.”

“आणि मला सांगितलं नाहीत!”

“तू गल्लीभर सहा तास सांगत सुटली होतीस. आता कुणाकुणाला परत जाऊन सांगणार? आणि सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, ह्यांना चौदा तास जमायचे नाहीत. तिकिटं परत करायला लावली असतीस.”

लावली असती. शंभर टक्के लावली असती.

“मग सहाच तासांचा सराव कसला केलात?”

“सहा तुझ्यासमोर. बाकीचा दुकानात.”

“दुकानात तर रंग—”

“कुठला रंग घेऊन बसलीस? दार लावून गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसत होतो. एवढ्या वर्षांत कधी बसलो नव्हतो गं त्या खुर्चीत. चांगली आहे. समोर सारखं स्वतःचं थोबाड बघायला लागतं, तेवढं एक सोसायचं. म्हणून डोळे मिटून घ्यायचो.”

मला टपालवाला आठवला. त्याच्या चष्म्याची माफी मागायला हवी होती. आणि मग मला रडू आलं, चक्क विमानात, बूट घातलेल्या पायांनी. मी ह्यांना आयुष्यभर हट्टी म्हणत आले, त्याबद्दल वाईट वाटलं म्हणून नाही. हट्टी ते आहेतच. पण हा माणूस दुपार-दुपार उपाशी, बंद दुकानात, आरशासमोर एकटा बसायला शिकत होता, आणि घरी येऊन माझ्या विमानात वीस मिनिटांचा, तासाचा, दीड तासाचा प्रवासी होत होता, हे मला सहन होईना. मला त्यांचा अभिमान वाटला. एवढा, की मी तो बोलूनही दाखवला. ह्यांनी इकडेतिकडे बघितलं, लोक ऐकतायत का म्हणून.

“रडू नको. चहा सांगू?”

“आता माझंही ऐका,” मी नाक पुसत म्हटलं. “येताना एकवीस तास आहेत. येताना चढ आहे. मी लपवलं होतं.”

हे इतके हसले, की पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. “तेरा,” ते म्हणाले. “येताना वारा पाठीशी असतो. तुझा चढ-उतारसुद्धा उलटा निघाला.”

मी बूट काढले.

विमानतळावर ठकीने बाबांना मिठी मारली ती सोडेचना. बटण मात्र जावयांच्या पायांच्या मागे. केसांतून एक डोळा दिसत होता, आणि त्या डोळ्यात आमच्याविषयी काही फार चांगलं मत दिसत नव्हतं. फोनमधले आजोबा फोनमध्येच बरे होते, बाहेर कशाला आले?

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी कात्रीवरचं फलालीनचं कापड सोडलं. स्वयंपाकघरात खिडकीजवळ उंच खुर्ची ठेवली, टॉवेल झटकला, कंगवा ओला केला. दुकानासारखीच सगळी मांडामांड. ठकीने बटणाला उचलून खुर्चीत ठेवलं मात्र, आणि त्याने असं काही भोकाड पसरलं, की जावई आंघोळ अर्धी टाकून आले. ह्यांनी गोड बोलून बघितलं, कात्री मागे लपवून बघितली. मागे कुणी उभं आहे म्हटलं, की पोर वळून वळून किंचाळायचं. शेवटी उतरून पळालं आणि सोफ्यामागे जाऊन बसलं.

“राहू दे, बाबा,” ठकी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “तुम्ही एवढ्या लांबून आलात, तेच खूप आहे.”

ह्यांचा चेहरा बघवेना. बारा हजार किलोमीटर येऊन कात्री कोरडीच राहणार होती. ते खुर्चीच्या मागे तसेच उभे होते, आयुष्यभर उभे राहत आले तसे. मग त्यांनी खुर्चीकडे बघितलं. मला वाटतं, ती त्यांना आता अनोळखी राहिली नव्हती. ते वळसा घालून पुढे आले आणि स्वतः तिच्यात बसले. टॉवेल स्वतःच्या गळ्यात बांधला.

“बरं बाबा,” सोफ्याकडे बघून म्हणाले, “मग माझेच काप.”

ह्यांच्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलेलं नाही, हे बटणाच्याही लक्षात आलं असावं. तो सोफ्यामागून आला. कंगवा घेतला. मग वरपर्यंत हात पोचेना म्हणून ह्यांच्या मांडीवर चढला आणि ते गुळगुळीत डोकं फार मन लावून विंचरायला लागला. ते विंचरून झाल्यावर मांडीवरच फिरून बसला, पाठ ह्यांच्या छातीला टेकून, खिडकीकडे तोंड करून. मागे कुणी उभं नव्हतं. होतं ते कुशीतच होतं. ह्यांनी कात्री चालवायला सुरुवात केली.

किती डोकी कापताना बघितलंय मी ह्यांना, पण बसून कापताना कधी बघितलं नव्हतं. कोपरं अंगाला चिकटलेली, बोटं तेवढी हलतायत. समोरची झुलपं गेली आणि आत एक कपाळ निघालं. अगदी ठकीचं. ठकी तोंडावर हात ठेवून बघत राहिली. डावी बाजू झाली, उजवीकडे वळणार, तेवढ्यात बटणाची मान कलंडली. झोपला. डोकं नेमकं ह्यांच्या उजव्या दंडावर, न कापलेले केस खाली दबलेले. अर्धा नीटनेटका शाळकरी मुलगा आणि अर्धं जंगल.

जावई कामावर गेले. ठकीने जमिनीवरचे केस गोळा केले. दोन तास झाले, खिडकीतलं ऊन ओट्यावरून खाली उतरलं, पोर काही हलेना आणि हेही हलेनात. मी जवळ जाऊन म्हटलं, “द्या त्याला माझ्याकडे. पाय अवघडले असतील तुमचे. जरा उभे राहा.”

“हळू बोल,” ते म्हणाले. “अजून बारा तास बसेन मी.”